घरफोड्याचा संसार



आमच्या एका गटाच्या बैठकीत मध्यंतरी नव्या सभासदाचा अर्ज आला. बाई कष्टाची. दुसऱ्याच्या रानात रोजानं जाते, दोन लेकरं शाळेत घालते. सगळं ठीक होतं, पण तिचा नवरा घरफोडीच्या गुन्ह्यात तुरुंगात आहे. अर्ज वाचून झाला आणि बैठकीत कुजबुज सुरू झाली. एक काकू म्हणाल्या, "चोराच्या घरात आपल्या बचतीचे पैसे द्यायचे का?" दुसऱ्या म्हणाल्या, "चोरी त्यानं केली, हिनं काय केलंय?" आवाज चढले, चहा गार झाला. शेवटी निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

त्यानंतर आम्ही समन्वयक मैत्रिणी यावर बरंच बोललो. शिक्षा झालेल्या माणसाचं नेमकं काय काय जातं? त्याची मोकळीक जाते, हे कळतं. पण त्याचं लेकरू, त्याचा संसार, त्याच्या हक्काच्या चार वस्तू, त्याच्या बायकोची पत, हेही जावं का? शिक्षा कुठपर्यंत पोचायची?

आजच्या भागात आम्ही एका खऱ्याखुऱ्या घरफोड्याची गोष्ट सांगणार आहोत. ती सव्वादोनशे वर्षांहून जुनी आणि दूर देशातली आहे. पण तिच्यात आपल्याच बैठकीतला प्रश्न आहे.

आपल्याकडे 'काळं पाणी' हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. काळं पाणी म्हटलं की अंदमान डोळ्यांपुढे येतं. अंदमानात कैद्यांची वसाहत १८५८ साली सुरू झाली. पण त्याच्याही आधी इंग्रज सरकार आपल्या मुंबई इलाख्यातले कैदी जहाजात घालून मॉरिशसला आणि मलायाकडच्या बंदरांना पाठवत होतं. त्यांच्याकडून तिथे रस्ते, पूल, इमारती बांधून घेत होतं. समुद्र ओलांडला की जात बाटते अशी समजूत असलेल्या काळात ही शिक्षा लोकांना मरणासारखी वाटायची. बायकोलेकरं इथेच मागे राहायची.

पण ही पद्धत इंग्रजांनी आपल्यासाठी नव्यानं काढलेली नव्हती. ती त्यांनी आधी स्वतःच्याच गोरगरिबांवर चालवली होती.

त्या काळी इंग्लंडचा कायदा फार कडक होता. दोनशेहून जास्त गुन्ह्यांना फाशी होती. रात्री कुणाचं घर फोडून आत शिरलं तर फाशी. राहत्या घरातून चाळीस शिलिंग, म्हणजे दोन पौंडांचा माल चोरला तरी फाशी. आता इतक्या सगळ्यांना फासावर चढवणं सरकारलाही जड जाई. म्हणून पुष्कळांची फाशी रद्द करून त्यांना सात वर्षं, चौदा वर्षं किंवा जन्मभरासाठी समुद्रापार पाठवत. मुदतीआधी परत आलं तर पुन्हा फाशी. आधी हे कैदी अमेरिकेत पाठवले जात. तिथे इंग्रजांविरुद्ध लढाई पेटली आणि १७७५ नंतर तो रस्ता बंद झाला. मग तुरुंग भरले. जुनी मोडकी जहाजं नदीत नांगरून ठेवली आणि त्यांत कैदी कोंबले. अखेर १७८६ साली सरकारनं ठरवलं की यांना पार ऑस्ट्रेलियाला पाठवायचं.

आपल्या गोष्टीतला घरफोड्या म्हणजे हेन्री केबल. इंग्लंडच्या पूर्व भागातल्या सफोक परगण्यातला खेड्यातला पोरगा. १७८३ साली तो जेमतेम विशीचा होता. त्यानं, त्याच्या वडिलांनी आणि आणखी एका साथीदारानं मिळून ॲबिगेल हॅम्बलिंग नावाच्या बाईचं घर फोडलं. घरात हलवता येईल ते सगळं त्यांनी नेलं. पलंगाचे पडदे सोडले नाहीत, बरणीत खारवून ठेवलेलं मांससुद्धा सोडलं नाही. जाताना दारूच्या बाटल्या रिकाम्या करून गेले. तेव्हा हा काही बिचारा निष्पाप नव्हता. त्या बाईनं घरी येऊन दार उघडलं असेल तेव्हा तिच्या पोटात काय गोळा आला असेल, हे ज्यांच्या घरी चोरी झाली आहे त्यांना सांगायला नको.

तिघेही पकडले गेले. तिघांनाही फाशी सुनावली. वडील आणि साथीदार नॉरिच गावच्या किल्ल्याबाहेर फासावर गेले. हेन्रीचं वय लहान म्हणून त्याची फाशी टळली आणि चौदा वर्षांची समुद्रापार शिक्षा झाली. पण पाठवायचं कुठे? अमेरिकेचा रस्ता बंद आणि ऑस्ट्रेलियाचं अजून ठरलेलं नाही. म्हणून तो नॉरिचच्या किल्ल्यातल्या तुरुंगातच वर्षानुवर्षं पडून राहिला.

पुढच्याच वर्षी, १७८४ साली, त्या तुरुंगात सुझॅना होम्स आली. तीही विशीतली. ज्या घरी चाकरीला होती तिथून तिनं चादरी, झगा, कापड, रुमाल आणि चांदीचे चमचे चोरले होते. तिलाही आधी फाशी आणि मग चौदा वर्षं समुद्रापार. बापासोबत घर फोडणाऱ्या पोराला जी शिक्षा, तीच मालकिणीच्या कपाटातल्या चादरी नेणाऱ्या मोलकरणीला.

त्या तुरुंगात पुरुष आणि बायका एकमेकांना भेटू शकत. हेन्री आणि सुझॅनाचं जुळलं. १७८६ साली त्यांना मुलगा झाला. त्याचंही नाव हेन्रीच ठेवलं. दोघांनी लग्नाची परवानगी मागितली. ती मिळाली नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या बायकांच्या पहिल्या तुकडीत सुझॅनाचं नाव आलं. हेन्रीचं नाव यादीत नव्हतं. त्यानं विनवण्या केल्या, पण उपयोग झाला नाही. जॉन सिम्प्सन नावाचा तुरुंगाचा शिपाई तिला आणि तिच्या तान्ह्या बाळाला घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला, प्लिमथ बंदरावर पोचला. तिथे कैद्यांच्या जहाजावरच्या कप्तानानं कागद पाहिला. कागदावर बाईचं नाव होतं, बाळाचं नव्हतं. तो म्हणाला, बाईला घेतो, बाळाला घेणार नाही. हुकूम नाही.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबू या. 'कागदावर नाव नाही' हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय! रेशनच्या दुकानात ऐकलंय, घरकुलाच्या यादीत ऐकलंय, विधवा बाईच्या सातबाऱ्यात ऐकलंय. सुझॅनाचं अंगावर पिणारं लेकरू ह्याच वाक्यानं तिच्याकडून काढून घेतलं. कायद्यानं तिला चौदा वर्षं दिली होती. लेकरू हिरावण्याची शिक्षा कुठल्याच न्यायाधीशानं दिलेली नव्हती. ती एका यादीतल्या रिकाम्या जागेनं दिली.

सिम्प्सनचं काम खरं म्हणजे संपलं होतं. बाई पोचवायची, पावती घ्यायची, घरी जायचं. बाळाला कुठल्या तरी अनाथांच्या ठिकाणी टाकलं असतं तर त्याला कुणी विचारलं नसतं. पण तो बाळ मांडीवर घेऊन घोडागाडीत बसला आणि थेट लंडनला निघाला. वाटेत खानावळींत थांबून जमेल तसं त्याला दूध पाजत गेला. लंडनला गृहमंत्री लॉर्ड सिडनी यांच्या दारात पोचला. चिटणिसांनी भेट नाकारली. हा हलला नाही. मंत्री जिना उतरताना दिसले तसा पुढे धावला आणि सगळी हकीकत सांगितली. मंत्र्यांनी तिथेच हुकूम दिला की बाळ आईकडे द्यायचं आणि हेन्रीलाही त्याच प्रवासाला पाठवायचं.

सिम्प्सन नॉरिचला परत आला, हेन्रीला घेतलं आणि पुन्हा प्लिमथ गाठलं. हिवाळ्याचे दिवस, खराब रस्ते, शेकडो मैलांचे फेरे. तिघांना एकत्र आणूनच तो थांबला.

ही बातमी वर्तमानपत्रांत छापून आली आणि लोक हळहळले. लेडी कॅडोगन नावाच्या बाईंनी पुढाकार घेऊन वर्गणी गोळा केली. वीस पौंड किमतीचं सामान घेतलं. कपडे, पुस्तकं आणि नव्या जागी लागतील अशा वस्तू होत्या. आपण मुलीची पाठवणी करताना बांधून देतो तशी ती शिदोरीच म्हणायची. घरकाम करणाऱ्या बाईला तेवढे पैसे कमवायला तेव्हा काही वर्षं लागत. हे गाठोडं 'अलेक्झांडर' नावाच्या जहाजावर चढवलं. केबल कुटुंब स्वतः 'फ्रेंडशिप' या दुसऱ्या जहाजावर होतं.

१३ मे १७८७ रोजी अकरा जहाजांचा ताफा इंग्लंडहून निघाला. सातशेहून जास्त कैदी होते. प्रवास आठ महिन्यांचा. आफ्रिकेच्या टोकाला, केप टाउनला, ताफा थांबला तेव्हा मेंढ्या विकत घेतल्या. मेंढ्यांना जागा हवी म्हणून 'फ्रेंडशिप'वरच्या कैदी बायकांना उतरवून दुसऱ्या जहाजांवर घातलं. बाईपेक्षा मेंढीला मान जास्त! तिथून पुढे २६ जानेवारी १७८८ रोजी ताफा ज्या खाडीत थांबला, तिला त्याच गृहमंत्र्याचं नाव पडलं. तेच आजचं सिडनी शहर.

१० फेब्रुवारीला त्या नव्या वसाहतीतली पहिली लग्नं लागली. पाच जोडपी होती. त्यांत हेन्री आणि सुझॅना होते. तुरुंगात नाकारलेलं लग्न असं जगाच्या दुसऱ्या टोकाला लागलं. सही करता येत नव्हती म्हणून दोघांनी फुल्या मारल्या.

आता संसार मांडायचा, तर गाठोडं हवं. त्यांनी चौकशी केली. काही पुस्तकं तेवढी हाती आली. बाकीचं सामान गायब. 'अलेक्झांडर'चा कप्तान डंकन सिंक्लेअर काही दाद देईना.

मैत्रिणींनो, ह्या दोघांची स्थिती लक्षात घ्या. इंग्लंडच्या कायद्यात फाशीची शिक्षा सुनावलेला माणूस कायद्याच्या लेखी मेलेलाच धरत. फाशी प्रत्यक्षात झाली नाही तरीही. त्याच्या नावावर मालमत्ता राहत नसे आणि त्याला कुणावर दावा लावता येत नसे. समोर मात्र जहाजाचा कप्तान, मोकळा आणि वजनदार माणूस. शिवाय त्याचं जहाज आता परत निघणार होतं. एकदा शीड उभारलं की ना कप्तान हाती लागणार, ना गाठोडं.

दोघांनी दावा लावला. १ जुलै १७८८ ही तारीख. ऑस्ट्रेलियातल्या इंग्रजी न्यायालयात आलेला हा पहिला दिवाणी दावा. लावणारे कोण, तर घरफोडी करणारा आणि चमचे चोरणारी! फिर्यादीत दोघांची नावं आहेत, एकट्या नवऱ्याचं नाही. सही म्हणून पुन्हा दोघांच्या फुल्या.

त्या कागदावर एक बारीकशी खूण आहे, ती आम्हाला फार बोलकी वाटली. फिर्यादीच्या नावापुढे तो कोण, काय करतो, हे लिहायची रीत होती. तिथे आधी लिहिलं होतं, 'या जागी नव्यानं वसलेले रहिवासी'. मग ते खोडलं. पण खोडून त्या जागी दुसरं काही लिहिलं नाही. 'कैदी' असं लिहिलं असतं, तर कायद्याप्रमाणे दावाच टिकला नसता. 'रहिवासी' लिहावं, तर ते खोटं. म्हणून जागा कोरी सोडली. प्लिमथला कागदावरच्या रिकाम्या जागेनं बाळ हिरावलं होतं. इथे मात्र कागदावरच्या रिकाम्या जागेनं आईबापांना न्यायालयाच्या आत येऊ दिलं. कागद तोच असतो. तो लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे, त्यावर पुढचं ठरतं.

न्यायालयात तिघे बसले. न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स, धर्मगुरू रिचर्ड जॉन्सन आणि डॉक्टर जॉन व्हाइट. साक्षी झाल्या आणि निकाल केबल दांपत्याच्या बाजूनं लागला. कप्तानानं पंधरा पौंड भरावेत. 'अलेक्झांडर' १४ जुलैला बंदर सोडून गेलं. म्हणजे आणखी दोन आठवडे उशीर झाला असता तर सगळं पाण्यात गेलं असतं. हक्क असला तरी वेळेत मागावा लागतो, तो असा.

पुढचं आयुष्य सोपं नव्हतं. धान्य पिकत नव्हतं, सरकारी शिधा दिवसेंदिवस घटत होता आणि बायकांना मुळातच पुरुषांच्या दोन तृतीयांश शिधा मिळे. बायका कपडे शिवत, चुना भाजायला शिंपले गोळा करत. १७९० साली तर उपासमारीची पाळी आली. त्यातून हे कुटुंब तगलं.

हेन्रीला अंगमेहनतीबरोबर हिशेबी डोकं होतं. आधी त्याला कैद्यांवर देखरेखीचं काम मिळालं, मग तो शिपाई झाला आणि पुढे मुख्य शिपाई. घरफोडी करणारा माणूस आता गावाची राखण करू लागला. त्यानं खानावळ काढली, दुकान टाकलं. जेम्स अंडरवुड या दुसऱ्या जुन्या कैद्याबरोबर भागीदारी करून जहाजं बांधली, सील माशांच्या कातड्याचा आणि तेलाचा मोठा व्यापार केला. आपण त्याला सील मासा म्हणतो, पण तो मासा नव्हे, समुद्रात राहणारा अंगावर केस असलेला प्राणी.

पण गोष्ट गोड करून सांगायची नाही. हेन्री काही संत झाला नाही. १८०२ साली एका जहाजावरून बेकायदा डुकरं विकत घेऊन उतरवली म्हणून त्याची मुख्य शिपायाची नोकरी गेली. पुढे भागीदारांशी वाद झाले आणि ते न्यायालयात गेले. १८११ च्या सुमारास तो सिडनी सोडून विंडसर गावी राहायला गेला. माणूस बदलतो तो असा, थोडा पुढे आणि थोडा मागे. दुसरी संधी मिळाली म्हणजे तो धुतल्या तांदळासारखा होतो असं नाही. पण घर फोडून पोट भरायची वेळ त्याच्यावर पुन्हा आली नाही.

आणि सुझॅना? तिनं नॉरिचच्या त्या बाळानंतर आणखी दहा मुलांना जन्म दिला. हेन्रीच्या जहाजांबद्दल, दुकानाबद्दल, वादांबद्दल कागदोपत्री पुष्कळ सापडतं. दुकान चालतं तेव्हा घर कोण चालवतं, ह्याची नोंद कुठे नसते. ते आपण आपल्या अनुभवावरून ओळखायचं. ती १८२५ साली वारली. हेन्री तिच्यामागे वीस वर्षांहून जास्त जगला आणि १८४६ साली विंडसरलाच गेला.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही, तर ही हकीकत अर्धीच राहील. हे कैदी जिथे उतरले ती जागा ओसाड नव्हती. तिथे गडिगल आणि आसपासचे मूळ रहिवासी हजारो वर्षं राहत होते. १७८९ साली देवीची साथ आली आणि त्यांच्यातले असंख्य लोक मेले. ज्या न्यायालयानं हरवलेल्या गाठोड्याची भरपाई दिली, त्या न्यायालयात आपली जमीन परत मागायला त्यांना जागा नव्हती. चोरीच्या शिक्षेवर पाठवलेल्या माणसांच्या हातून एका मोठ्या चोरीचं काम करून घेतलं गेलं, असंही म्हणता येईल. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत सुमारे १,६०,००० कैदी ऑस्ट्रेलियात पाठवले गेले. त्यांत सुमारे २५,००० बायका होत्या. त्यांतल्या बहुतेकींच्या वाट्याला ना सिम्प्सन आला, ना लेडी कॅडोगन. केबल कुटुंबाची गोष्ट म्हणूनच वेगळी आहे. ती नेहमीची नव्हती.

मग ह्यातून आपण काय घ्यायचं? आम्हाला तीन माणसं आठवत राहतात. आपलं काम संपल्यावरही बाळ मांडीवर घेऊन निघालेला शिपाई. वर्गणी गोळा करणारी बाई. आणि हातात लेखणी धरता येत नसताना कप्तानाविरुद्ध फुली मारणारी सुझॅना. पहिल्या दोघांनी माया केली. पण माया गाठोड्यापर्यंत पोचते, पुढे गाठोडं हरवतं. तिथे आपल्या नावानं उभं राहावं लागतं. आणि उभं राहता यावं म्हणून कुणीतरी कागदावर आपल्यासाठी जागा सोडावी लागते.

आमच्या बैठकीचं सांगायचं राहिलंच. पुढच्या बैठकीला आम्ही ही गोष्ट अशीच बसून सांगितली. आधी विरोध करणाऱ्या काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तिचं नाव लिहा. पण नियम सगळ्यांना तोच. सहा महिने बचत, मग कर्ज." त्या बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला तरी वेगळा नियम कुठं हवाय?"

ठरावाच्या वहीत त्यांचं नाव लागलं. नावापुढे कुणाची बायको, तो कुठे आहे, हे काही लिहिलं नाही. त्यांनी सही केली. जरा वाकडीतिकडी, पण सहीच. फुली नव्हे.

तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल. कुणी तिला बैठकीला बोलावलं नसेल, तिनं स्वतः विचारायचं धाडस केलं नसेल. या आठवड्यात तिच्या दारावरून जाल, तेव्हा हाक मारून बैठकीची वेळ तेवढी सांगा. बाकीचं ती बघून घेईल.